सावज कोणाचं, हिशेब कोणाचा?

सप्टेंबरचा पहिला सोमवार आला, की उत्तर स्वीडनमधल्या गावांत कामावरची हजेरी रोडावते. त्याच सुमारास अलास्कात नदीकाठच्या घरांमधले फ्रीझर धुऊन-पुसून तयार असतात. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, जूनमध्ये निघालेल्या सोडतीत ज्यांचं नाव लागलं त्यांनी तोवर रजा टाकलेली असते. तिन्हीकडे वाट पाहिली जाते ती एकाच जनावराची : मूसची. हरणांच्या कुळातला हा सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर सहाशे किलोंच्या पुढे जातो. त्याची पसरट शिंगं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा फूट भरतात. अशा एका जनावरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस मिळतं आणि घरातल्या सगळ्यांचा हिवाळा त्यावर निघतो.

एवढ्या मोलाच्या जनावराभोवती नियमांचं जाळं असणारच. कोणता नर मारायचा, मादीला हात लावायचा की नाही, पाडसाचं काय, परवाना कोणाला, हंगाम किती दिवसांचा, जंगलात जायचं ते कोणत्या वाहनानं, हे सगळं ठरलेलं असतं आणि दर एक-दोन वर्षांनी बदलतही असतं. या नियमांबद्दल खुद्द शिकारी काय म्हणतात, याचा हा आढावा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा हेच समीकरण रुजलं. त्यामुळे शिकाऱ्याचं मत काय असणार, तर 'मारू द्या', असं वाटणं साहजिक आहे. मूसच्या मुलखातलं चित्र याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. तिथे नियम कडक करा म्हणून सभांमध्ये हट्ट धरणारेही शिकारीच असतात. त्यांची नाराजी फिरून फिरून दोनच प्रश्नांवर येते : आकडा कोणी काढला, आणि ठरवताना आम्हाला विचारलं का?

मोजायला अवघड जनावर

मूस मोठ्या कळपानं राहत नाही. माजाचा काळ सोडला तर नर बहुधा एकटा, मादी एक-दोन पाडसांसह. वावर दलदलीत, विलोच्या दाटीत, कोवळ्या झाडांच्या रानात. त्यामुळे गणती करायची ती हिवाळ्यात, पांढऱ्या बर्फावर काळं जनावर उठून दिसतं तेव्हा, विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून. ठरावीक चौकोन निवडायचे, त्यांत दिसलेली जनावरं मोजायची, झाडांआड राहिलेल्यांचा अंदाज धरायचा आणि त्यावरून सगळ्या मुलखाचा आकडा काढायचा. बर्फ उशिरा किंवा कमी पडला, की त्या वर्षीची गणती बारगळते. पदरात पडतो तो 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा. परवाने मात्र नेमक्या संख्येनं वाटावे लागतात.

शिकाऱ्याची मोजणी वेगळी. तो वर्षानुवर्षं त्याच ओढ्याच्या, त्याच टेकडीच्या आसपास फिरतो. पूर्वी एका सकाळी तीन-चार दिसायचे, यंदा आठवडाभरात एक ताजा माग नाही, हा त्याचा पुरावा. वन्यजीव खात्याचे लोक म्हणतात, तुमची टेकडी म्हणजे सगळा जिल्हा नव्हे. जुन्या तोडीच्या जागी रान वाढलं, नजर पोचेनाशी झाली, जनावर पुढच्या खोऱ्यात सरकलं. दोघांचंही खरं असू शकतं आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही.

नॉर्वेनं यावर १९६० च्या दशकापासून एक साधा उपाय चालवला आहे. शिकारीच्या प्रत्येक दिवशी गटानं लिहून द्यायचं : आज किती माणसं रानात होती, किती नर दिसले, किती माद्या, त्यांतल्या किती जणींबरोबर पाडस होतं, किती जणींबरोबर जुळी. मारलेल्या जनावराचं वजन नोंदवायचं, वय कळावं म्हणून जबडा द्यायचा. या कागदांवरून एकूण संख्या कळत नाही, पण कल स्वच्छ कळतो. दर माणशी, दर दिवशी दिसणारे मूस वाढताहेत की घटताहेत, माद्यांच्या मानाने नर किती उरलेत, पाडसं जगताहेत का, हे सगळं त्यातून निघतं. स्वीडन आणि फिनलंडमध्येही शिकाऱ्यांच्या अशाच नोंदींवर बरंच काही ठरतं. २०१६ मध्ये नॉर्वेत रेनडिअर आणि पाठोपाठ मूसमध्ये मेंदू पोखरणारा असाध्य 'सीडब्ल्यूडी' रोग सापडला, तेव्हा मारलेल्या जनावरांचे नमुने तपासणीसाठी शिकाऱ्यांकडूनच गोळा झाले. आकडा आपल्याच हातून निघालेला असला, की त्यावर अविश्वास दाखवणं अवघड जातं. उत्तर अमेरिकेत जिथे शिकाऱ्याकडून फक्त 'मारला की नाही' एवढाच अहवाल मागितला जातो, तिथे कुरबुर अधिक ऐकू येते.

मादी, पाडस आणि पन्नास इंच

कोणतं जनावर मारायचं, यावर शिकाऱ्यांमध्ये आपसांतच सर्वांत जास्त मतभेद आहेत. मागचं जीवशास्त्र तसं सोपं आहे. प्रौढ मादी म्हणजे भांडवल, पाडसं म्हणजे व्याज. मादी वर्षाला एक, चारा उत्तम असेल तर दोन पाडसं देते. पाडसांतली बरीचशी पहिल्या उन्हाळ्यात अस्वलांच्या आणि लांडग्यांच्या तावडीत सापडतात, काही पहिल्या हिवाळ्यात जातात. तेव्हा एखादं पाडस मारलं तर पुढच्या वर्षीच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. प्रौढ मादी मारली तर पुढच्या अनेक वर्षांची पाडसं गेली.

स्वीडन हा हिशेब अक्षरशः पाळतो. तिथे मारलेल्या मूसमध्ये पाडसांचा वाटा मोठा असतो आणि मादी समोर आली तरी आधी पाडस, मग मादी, ही शिस्त शिकारीच्या परीक्षेपासून अंगी बाणवली जाते. आई गेलेलं पाडस खोल बर्फात टिकाव धरत नाही, हे त्यामागचं कारण. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र याच पाडसावरून रण पेटलं. १९८० च्या दशकापासून तिथे मोठ्या नर-मादीसाठी सोडत असे, पाडस मात्र साध्या परवान्यावर कोणालाही मारता येई. सोडतीत नाव न लागलेल्यांनाही त्यामुळे कुटुंबासह कॅम्पवर जायला कारण मिळे. संख्या घसरू लागल्यावर आधी पाडसांचा हंगाम आखडला आणि २०२१ पासून पाडसालाही स्वतंत्र, मर्यादित टॅग लागू झाला. त्याच वेळी गटाच्या सोडतीची जुनी पद्धत जाऊन गुणांची पद्धत आली : टॅग न मिळालेल्या प्रत्येक वर्षाचा एक गुण, ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी. काहींना हा न्याय वाटतो, कारण वर्षानुवर्षं रिकाम्या हातानं परतणाऱ्याला कधीतरी टॅग मिळेल याची आशा तरी राहते. काहींच्या मते यानं कॅम्पच मोडला. पूर्वी सहा-आठ जण मिळून जात, आता गुण जपून ठेवायचे म्हणून जो तो आपापल्या हिशेबानं अर्ज करतो. पाडसांवरची मोकळीक याआधीच थांबवायला हवी होती, असं म्हणणारे जुनेजाणते शिकारीही याच प्रांतात भेटतात.

अलास्कानं वेगळी वाट धरली. तिथल्या अनेक भागांत शिंगांच्या मापाचा नियम आहे. नराच्या शिंगांचा पसारा किमान पन्नास इंच हवा, किंवा कपाळाजवळून पुढे येणारे फाटे एका बाजूला तीन, काही भागांत चार हवेत. काही ठिकाणी एक-दोन टोकांचा कोवळा नरही चालतो. मधल्या वयाचे, जोमदार नर प्रजननासाठी राखायचे, हा हेतू. केनाई द्वीपकल्पात ही पद्धत १९८७ मध्ये आली. तिथे नरांची संख्या फार खाली गेली तेव्हा २०११ मध्ये ती आणखी कडक झाली.

कागदावर हे सोपं दिसतं. रानात काय होतं ते बघा. नर दीडशे-दोनशे यार्डांवर विलोमध्ये अर्धवट उभा आहे, उजेड कमी होत चालला आहे, तो मान हलवतोय. शिकारी दुर्बिणीतून दोन डोळ्यांमधलं अंतर बघतो. ते साधारण दहा इंच धरायचं आणि शिंगांचा पसारा त्याच्या किती पट भरतो याचा अंदाज बांधायचा. मग कपाळाजवळचे फाटे मोजायचे. पण तिथे एक फाटा आहे की नुसता उंचवटा, हे नर समोरून वळल्याशिवाय कळत नाही. चुकून एकोणपन्नास इंचांचा नर पडला तर दंड होतोच, शिवाय सगळं मांस जप्त होऊन गरजूंना जातं. वय झालेल्या, नजर मंदावलेल्या शिकाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो. अनेकांचं म्हणणं असं, की घाबरून माणूस मोठ्या नरावरही गोळी झाडत नाही, किंवा चूक लक्षात येताच पडलेलं जनावर तसंच सोडून निघून जाणारे निघतात. तरीही बहुसंख्य जण ही पद्धत सोडायला तयार नसतात. कारण पर्याय म्हणजे सोडत, आणि सोडत म्हणजे कित्येक वर्षं घरीच बसणं. मापाचा नियम पाळला तर दर हंगामात रानात जाता येतं.

मांसाबाबतचे नियम मात्र जवळजवळ एकमुखानं मान्य आहेत. अलास्कात मांस रानात टाकून देणं हा गंभीर गुन्हा आहे. अनेक भागांत मांस हाडांसकटच बाहेर आणावं लागतं आणि आधी मांस, शेवटी शिंगं, असा वाहून नेण्याचा क्रम ठरलेला आहे. शिंगांसाठी येणाऱ्या हौशी पाहुण्यावर स्थानिक शिकाऱ्याचा जो राग असतो, त्याला या नियमानं कायद्याचं बळ दिलं.

मूस वाचवण्यासाठी मूस मारायचा

मेन राज्यात १९३५ मध्ये मूसची शिकार बंद झाली आणि १९८० मध्ये सातशे परवान्यांवर पुन्हा सुरू झाली. १९८३ मध्ये ती बंद करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि लोकांनी तो फेटाळला. आज दरवर्षी चार हजारांच्या आसपास परवाने निघतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. अशा राज्यात २०२१ मध्ये अधिकाऱ्यांनी उत्तरेकडच्या एका विभागाच्या अर्ध्या भागात माद्या आणि पाडसांसाठी जादा परवाने काढले, तेव्हा शिकारी चक्रावले. आजवर मादीला जपा म्हणून सांगणारे आता मादी मारा म्हणतात, हे काय?

कारण होतं गोचीड. हिवाळी गोचिडीची पिल्लं शरदात गवत-झुडपांवर पुंजक्यांनी चढून बसतात आणि जाणाऱ्या मूसला चिकटतात. हिवाळाभर एकाच जनावराच्या अंगावर ती रक्त पितात आणि वसंतात गळून पडतात. एका मूसवर अशा हजारो, कधी कधी पन्नास हजारांहूनही जास्त गोचिडी सापडल्या आहेत. खाज सुटली की मूस झाडांना अंग घासतो. काळे केस तुटून अंगावर फिकट पांढुरके पट्टे पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये रानात भुतासारखी दिसणारी जनावरं अडखळत फिरताना दिसतात. पहिल्या वर्षातली पाडसं रक्त कमी होऊन मरतात. मेनमध्ये ज्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती अशा पाडसांपैकी सुमारे ८६ टक्के २०२२ च्या वसंतापर्यंत मेली. शरद लांबला, बर्फ उशिरा पडला, तर गोचिडीला सावज शोधायला जास्त दिवस मिळतात. तापत्या हवामानाचा हा थेट परिणाम. अभ्यासकांचा तर्क असा, की दर चौरस मैलामागे मूस कमी झाले तर गोचिडीला चिकटायला जनावर मिळणार नाही आणि उरलेले मूस धडधाकट होतील.

शिकाऱ्यांची मतं इथे सरळ दुभंगली. ज्यांनी वसंतात मेलेली पाडसं पाहिली, त्यांना हे पटलं. इतरांचा सवाल असा : संख्या एकदा खाली गेली आणि गोचीड गेली नाही, तर हातात काय उरणार? शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये २००७ मध्ये ६७५ परवाने होते. ते पुढे पन्नासच्या आसपास आले, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मिनेसोटाची गोष्ट उलटी. ईशान्य मिनेसोटात २००६ मध्ये सुमारे ८,८४० असलेले मूस २०१३ मध्ये २,७६० पर्यंत खाली आले आणि राज्यानं शिकार बंद केली. तिथला शिकारी आयुष्यात एकदाच परवाना मिळवू शके आणि शेवटची वर्षं तोही फक्त नरासाठीच असे. शिकारीनं मूस घटले नाहीत, हे खातंही मान्य करत होतं. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या विष्ठेतून पसरणारा मेंदूतला कृमी, गोचीड, लांडगे आणि उष्णता ही खरी कारणं होती. मूस वाचवायचे तर त्या भागात हरणं कमी ठेवावी लागतात. हरणांच्या शिकाऱ्यांना मात्र हरणं जास्त हवी असतात. 'शिकाऱ्यांचं मत' असं एकच काही नसतं, हे इथे उघड होतं. एकाच गावातले दोघे बंदूकवाले एकाच जंगलाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात. काही आदिवासी राष्ट्रांनी सरकारशी झालेल्या १८५४ च्या करारातल्या हक्कांवर मर्यादित शिकार केली, हीही इतरांच्या नाराजीची एक बाजू.

लांडग्याच्या कोट्याचं काय?

लांडगा आणि अस्वल हा विषय निघाला, की सभागृहातलं तापमान चढतं. स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीत कुत्रा मोकळा सोडतात. तो शिकाऱ्यापासून मैलभर पुढे जाऊन मूसला शोधतो, भुंकून एका जागी अडवून धरतो आणि शिकारी आवाजाच्या दिशेनं दबकत जातो. असा कुत्रा तयार करायला वर्षं लागतात. लांडग्याच्या हद्दीत तो पहिल्याच दिवशी मारला जाऊ शकतो. तिथे लांडगे काही शेच आहेत, पण ज्या तालुक्यात एक जोडी राहायला आली तिथल्या शिकारी गटाला आपला कोटा स्वतःहून कमी करावा लागतो. लांडग्यानं खाल्लेला मूस कोणाच्या खात्यातून वजा करायचा, हा त्यांचा प्रश्न. कोवळ्या पाइनची नासधूस सोसणाऱ्या जंगलमालकाला तोच लांडगा फारसा सलत नाही.

अलास्कात १९९४ च्या कायद्यानं माणसांच्या अन्नासाठी मूस आणि कॅरिबूची संख्या जास्त ठेवणं हे राज्याचं कामच ठरवलं. त्यातून लांडगे आणि अस्वलं कमी करण्याच्या मोहिमा आल्या, काही विमानातून. मॅकग्राथ गावाच्या परिसरात २००३-०४ मध्ये अस्वलं पकडून दूर नेऊन सोडली, तेव्हा मूसची जास्त पाडसं उन्हाळा पार करू लागली. गावकऱ्यांच्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता. सगळे शिकारी मात्र या बाजूचे नाहीत. विमानातून लांडगा मारणं ही पारध नव्हे, असं मानणारा मोठा वर्ग त्यांच्यातही आहे. १९९६ आणि २००० मध्ये अलास्काच्या मतदारांनी अशा पद्धतींविरुद्ध कौल दिला. २००८ मध्ये तशाच बंदीचा प्रस्ताव पडला.

आधी हक्क कोणाचा?

अलास्काचं संविधान म्हणतं वन्यजीव सर्वांचे. १९८० चा संघराज्याचा कायदा म्हणतो, संघराज्याच्या जमिनीवर उदरनिर्वाहासाठी शिकार करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांना आधी. १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ग्रामीण प्राधान्य राज्याच्या संविधानात बसत नाही असा निकाल दिला. तेव्हापासून तिथे दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदताहेत. एका नदीच्या दोन काठांवर दोन हंगाम आणि दोन परवाने असू शकतात. 'नकाशा आणि वकील बरोबर घेतल्याशिवाय मूसला निघता येत नाही' अशी थट्टा तिथे सहज खपून जाईल. जॉन स्टर्जन या शिकाऱ्याच्या बाबतीत ती जवळजवळ खरीच ठरली. २००७ मध्ये नेशन नदीवर तो हॉवरक्राफ्टनं मूसच्या शिकारीला निघाला असताना राष्ट्रीय उद्यान सेवेच्या रेंजरांनी त्याला अडवलं. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूनं निकाल दिला.

गावांचा प्रश्न वाहनाच्या पलीकडचा आहे. १९७९ च्या फ्रँक खटल्यात मिंटो गावातल्या अंत्यविधीच्या जेवणासाठी हंगामाबाहेर मारलेल्या मूसबद्दल अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की या मांसाशिवाय तो विधीच पुरा होत नाही आणि त्याला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. कोयुकुक खोऱ्यातल्या उदरनिर्वाहाच्या परवान्यावर मारलेल्या नराची शिंगं करवतीनं कापून त्यांची शोभेची किंमत नष्ट करावी लागते. ज्याला मांस हवं त्याला यानं काही फरक पडत नाही, ज्याला भिंतीवर लावायचं आहे तो दुसरा परवाना बघतो. नियमाची बोच नेमक्या माणसाला लागावी, याचं हे चांगलं उदाहरण.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असं झालं नाही, अशी तिथल्या परवानाधारक शिकाऱ्यांची भावना आहे. २०२१ मध्ये न्यायालयानं ब्लूबेरी रिव्हर या आदिवासी राष्ट्राच्या बाजूनं निकाल देताना, तेल-वायू, वृक्षतोड, रस्ते या सगळ्याच्या एकत्रित माऱ्यानं सरकारशी झालेल्या करारातले त्यांचे हक्क पोकळ झाले, असं म्हटलं. त्यानंतर २०२२ मध्ये पीस भागातली परवान्यावरची मूस-शिकार निम्मी करण्यात आली. जंगल उद्योगांनी पोखरलं आणि कात्री आमच्यावर, हा त्यांचा आक्षेप. आदिवासींचं उत्तर असं, की घटत्या सावजात पहिला वाटा कोणाचा हे करारानं केव्हाच ठरवलं आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मूळ नुकसानीची भरपाई मात्र शिकारीच्या परवान्यातून होणार नाही.

जंगलमालक आणि रस्ता

स्वीडनमध्ये १९८२ च्या हंगामात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले. वृक्षतोडीनंतर उगवलेलं कोवळं रान, लांडग्यांचा अभाव आणि माद्या राखण्याची पद्धत यांमुळे संख्या तेवढी फुगली होती. आजचा वार्षिक आकडा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. शिकाऱ्यांना तो कमी वाटतो, जंगल कंपन्यांना अजून जास्तच. कारण मूस हिवाळ्यात कोवळ्या पाइनचे शेंडे खातो आणि झाड वाकडं वाढतं. दरवर्षी नव्यानं नुकसान झालेली पाइन पाच टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असं लक्ष्य ठरलेलं आहे. २०१२ मध्ये भागवार व्यवस्थापन गट आले. त्यांत जंगलमालकांचे तीन, शिकाऱ्यांचे तीन प्रतिनिधी असतात आणि बरोबरी झाली तर निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे जंगलमालकांच्या बाजूचं. खुर्च्या समान, पण शेवटचा शब्द त्यांचा, ही शिकाऱ्यांची सततची टोचणी. तरी टेबल एकच आहे, नोंदी शिकाऱ्यांच्या आहेत आणि वाद आकड्यांवर होतो, हेही खरं.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मूस मूळचा नाहीच. १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून सोडले, त्यांचे पुढे लाखावर झाले. बेटावरचे लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपले होते. ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानात मूसनी फरची रोपं खाऊन जंगलाचं पुनरुज्जीवनच थांबवलं, म्हणून २०११ पासून उद्यानात शिकारीला परवानगी मिळाली. रस्त्यावरच्या धडकांमध्ये जखमी झालेल्यांनी सरकारवर सामूहिक दावा लावला. २०१४ मध्ये तो फेटाळला गेला. तिथल्या शिकाऱ्याला रस्त्यावर मूस कमी हवेत आणि रानात जास्त. ते एकाच कोट्यात बसवणं कुठल्याही खात्याला जमलेलं नाही.

ज्यांनी बंदी स्वतः मागितली

या सगळ्या तक्रारींच्या गर्दीत अलास्काच्या नैर्ऋत्येकडली दोन उदाहरणं वेगळी उठून दिसतात. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, म्हणजे लोअर युकॉन आणि लोअर कुस्कोक्विममध्ये, चारा भरपूर होता, मूस मात्र नगण्य. आलेलं जनावर लगेच मारलं जाई. लोअर युकॉनच्या गावांनी खात्याशी बोलून १९८८ पासून काही वर्षं शिकार पूर्ण थांबवली. लोअर कुस्कोक्विमच्या गावांनी २००४ ते २००९ अशी पाच वर्षांची बंदी पाळली. ज्या घरांचा हिवाळा मांसावर चालतो, त्यांनी स्वतःहून पाच वर्षं हात आखडते घेतले. पोलीस बंदोबस्तावर हे जमलं नसतं. वडीलधाऱ्यांचा शब्द, गावसभा आणि शेजाऱ्याची नजर यांवर ते निभावलं. कुस्कोक्विमवर हंगाम पुन्हा उघडला तो छोट्या कोट्यानं. लोअर युकॉनवर मूस इतके वाढले, की पुढे तिथल्या रहिवाशाला वर्षाला दोन आणि नंतर तीन मूस मारायची मुभा मिळाली.

वर आलेले नियम या कसोटीवर ठेवून पाहिले तर निष्कर्ष सरळ निघतो. पन्नास इंच, गुणांची सोडत, पाडसाचा टॅग, माद्यांचे जादा परवाने यांपैकी कोणताही नियम स्वतःच्या गुणावर टिकत नाही. मोजणीत शिकाऱ्याचा हात असेल, ठरवणाऱ्या टेबलावर त्याची खुर्ची असेल, आणि सोसलेल्या बंदीचं फळ त्याच्याच हयातीत दिसणार असेल, तर सर्वांत कठोर नियमही टिकतो. यातलं काहीच नसेल तर शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष नियमही रानात पोचेपर्यंत मोडलेला असतो. लोअर युकॉनला हे साधलं, कारण तिथे मूस कमी असण्याचं मुख्य कारण शिकार हेच होतं. मिनेसोटात ते कारण नव्हतं, म्हणून तिथे शिकार बंद करूनही मूस पूर्वीच्या संख्येवर आले नाहीत. गोचीड, मेंदूतला कृमी आणि लांबत चाललेला शरद यांना कोटा लागू होत नाही. शिकाऱ्याचं हे म्हणणं खात्यांनी कागदावर मान्य केलेलं आहे. पुढचे नियम लिहिताना ते लक्षात ठेवलं, तर सभांमधली निम्मी भांडणं मिटतील.